पाहुणीची नोंद

दोर वळणारा माणूस आयुष्यभर उलटा चालतो. कमरेभोवती वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, भारा गुंडाळायचा, चाकाकडे तोंड करायचं आणि बोटांनी वाख सोडत एकेक पाऊल मागे टाकायचं. दोर जसा वाढेल तसं चाक फिरवणारं माणूस लांब जातं, लहान होत जातं, आणि दोर वळायच्या लांब पट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं तोंडही ओळखू येत नाही. तिथून हाक मारून काही उपयोग नसतो. म्हणून सगळं बोलणं दोरावरूनच चालतं. एक हिसका म्हणजे फिरव. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे पुरे, झालं, चाक थांबव.

दोरवाल्याने तेहेतीस वर्षं असा संसार केला होता. चाकावर बायको आणि टोकाला तो. माणसं चेष्टेने म्हणायची, यांचं भांडण होत नाही कारण दोघं कधी जवळच येत नाहीत. तो हसायचा. खरं म्हणजे त्याला नुसत्या हाताने कळायचं, चाकावर कोण आहे आणि तिचं काय चाललंय. ती रागावली की दोर टणक यायचा. दमली की पीळ सैल पडायचा.

तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी असाच पीळ सैल पडला. दोरवाला पट्टीच्या टोकाला होता. त्याने एक हिसका दिला. काही नाही. दुसरा दिला, जरा रागानेच. "झोपलीस की काय!" असं तोंडातल्या तोंडात पुटपुटला आणि तिसरा जोरात ओढला. मग वाख टाकून शिव्या देतच चालत आला. ती चाकाशेजारी आडवी पडली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि चाकाची मूठ अजून हातात होती. आपण रागाने ओढलेले ते हिसके त्याला अजून झोपू देत नव्हते.

डॉक्टर येऊन गेले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ते अंगणात उभे राहून म्हणाले, "महिना म्हणा. फार तर दोन."

तेव्हा लेकीला निरोप गेला. लेक नदीपलीकडे दिलेली. दिली तेव्हा नदी ओलांडायला फक्त तराफ्यावर पाय ठेवावा लागायचा. पुढे कोणीतरी पाण्याच्या मधोमध रेघ ओढली, दोन्ही काठांवर नाके बसले आणि दोरवाल्याची लेक परदेशी झाली. तिचं छप्पर या काठावरून दिसायचं. तिला लहानपणापासून सगळे गिरकी म्हणायचे. चालायला लागायच्या आधी ती चाकाच्या मुठीला लोंबकळायला लागली होती.

तीस दिवसांचा भेटीचा कागद काढून गिरकी आली. पोरं सासूकडे ठेवून, एक पिशवी घेऊन आली. आल्या आल्या तिने आईचं अंग पुसलं, केस विंचरले, पाठीला पडलेली जखम पाहिली आणि बापाकडे नुसतं बघितलं. त्याने मान खाली घातली. पुरुषाच्या हाताला कूस बदलायचं काम जमत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

मग तिने बारीक सुतळी घेतली. एक टोक आईच्या चालत्या डाव्या हाताला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला.

"आई, एक ओढलंस तर पाणी. दोन म्हणजे कूस बदलायची. तीन म्हणजे पुरे. हे तुला शिकवायला नको."

आईने एक डोळा मिटला. थोड्या वेळाने सुतळी एकदा ताणली गेली. गिरकी पाणी घेऊन धावली, आणि दोरवाला अंगणात जाऊन रडला.

दुपारी तराफेवाला आला. नदीवरचा तराफा दोन काठांना ताणलेल्या दोराला धरून चालायचा. तो दोर यंदा जागोजागी विरला होता, आणि चार-पाच दिवसांत नवा बांधला नाही तर तराफा बंद. दोर सांगितला होता दोन महिन्यांपूर्वी. तीन पदरांचा, साडेतीनशे हातांचा. एकही पदर तयार नव्हता.

"एकट्याने दोर वळत नाही रे," दोरवाला म्हणाला.

"एकटे कुठे आहात?" गिरकी आतून बोलली. आईची खाट तिने चाकाच्या छपराखाली आणून लावली, सुतळी मनगटाला बांधली आणि मुठीला हात घातला.

दोरवाला उलटा चालायला लागला. दहा पावलांत त्याच्या हाताला कळलं, पोरीने हात तसाच ठेवलाय. सासरी बारा वर्षं तिने चाक पाहिलं नव्हतं, तरी पीळ आईचाच होता. त्या दुपारी कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली. तीन दिवसांत दोन पदर झाले.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारची शिंपीण कुंपणावर हात टेकून उभी राहिली. तिच्या बोलण्याला कायम टाचणी तोंडात धरल्याचा सूर असायचा.

"भाऊ, कळवलंत का?"

"काय?"

"घरी परदेशी माणूस उतरलं की एका दिवसात कचेरीत कळवायचं असतं. नवा नियम आहे. माझ्या दिराने नाही कळवलं तर त्याच्या पाहुण्याला पोलीस न्यायला आले."

"माझ्याकडे कुठला परदेशी माणूस?"

शिंपीण चाकाकडे बघत राहिली. गिरकी म्हणाली, "नाक्यावर काहीतरी म्हणाले होते, यजमानांनी जाऊन सांगायचं. मला वाटलं, ते हॉटेलवाल्यांचं."

दोरवाल्याने धुतलेला सदरा घातला आणि निघाला.

कचेरीतल्या बाकावर त्याला दोन तास बसवलं. उठला तर बाकावर वाखाचे तंतू पडलेले. कारकुनाने ते फुंकून उडवले आणि मग विचारलं, "कोण उतरलंय?"

"लेक."

"लेकीचं नाही विचारत. परदेशी कोण उतरलंय?"

"तीच."

कारकून तरुण होता, माणूस वाईट नव्हता. त्याने फॉर्म पुढे ओढला. पाहुण्याशी नातं या शब्दांखाली चार चौकोन होते. मित्र, गिऱ्हाईक, भाडेकरू, इतर. त्याने इतरवर खूण केली.

"एका दिवसात यायचं होतं. आज चौथा दिवस. उशिराचं कारण लिहावं लागेल."

"पदर अर्धा टाकून येता येत नाही. पीळ उलगडतो."

"कसला पदर?"

"तराफ्याचा दोर घेतलाय वळायला. बायको आजारी, म्हणून लेक चाकावर बसते."

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "काका, हे लिहू का? नीट विचार करून सांगा. बायको आजारी होती, धावपळ होती, एवढंच लिहितो."

दोरवाल्याला वाटलं, हा पोरीला कमी लेखतोय. आयतं बसून खाणारी पाहुणी असं वर जाईल. परदेशी माणसाबद्दल सरकारला हीच तर शंका असणार, की येतात, बसतात, खातात. लेकीची बाजू चांगली मांडायला हवी म्हणून तो टेबलावर पुढे वाकला.

"लिहा की. बसून खाणाऱ्यातली नाही ती. आल्या दिवशी चाकाला हात घातला. सकाळी सात ते अंधार पडेपर्यंत. तीन दिवसांत दोन पदर केले, साडेतीनशे हातांचा दोर आहे, साधंसुधं काम नाही. तिच्यासारखा हात या काठावर कुणाचा नाही. लिहा."

कारकुनाने लिहिलं. फॉर्म आत गेला आणि आतून साहेबांनी दोरवाल्याला बोलावलं.

साहेबांनी मान वर केली नाही. "भेटीच्या कागदावर आलेल्या माणसाला काम करता येत नाही. तुम्ही स्वतः सांगितलंय, सही तुमची आहे. तीन दिवसांत तिने परत जायचं. पाच वर्षं कागद मिळणार नाही."

"साहेब, ते काम नाही. ती चाक फिरवते."

"तेच काम."

"पण घरचं चाक आहे. ती लहानपणापासून फिरवते."

"म्हणजे अनुभवी कामगार."

दोरवाल्याच्या तोंडातून जे निघेल ते उलटंच पडत होतं. "तिची आई चालली आहे हो. महिन्याची सोबतीण आहे. ते वाक्य खोडा. मी अडाणी माणूस, काहीतरी बोललो."

"पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही."

त्याने साहेबांच्या टेबलाला हात जोडले. मग खाली वाकला. शिपायाने दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. कारकून फॉर्मांच्या गठ्ठ्यात तोंड घालून बसला होता. दोरवाला समोरून गेला तरी त्याने वर पाहिलं नाही.

घरी गिरकी आईला भरवत होती. तिने एक घास आईच्या ओठांशी धरला आणि बापाचं तोंड पाहून तो परत ताटलीत ठेवला.

त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. स्वतः काय बोललो तेही शब्दन् शब्द सांगितलं. ती ओरडली असती, दोन शब्द बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "अंधार पडेपर्यंत, असं म्हणालात?"

"हो."

"सहा वाजता थांबत होते की मी."

आणि ती एकदम हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून खाली बसली. खाटेवर सुतळी दोनदा ओढली गेली. आईला काही कूस बदलायची नव्हती. पण गिरकी उठली आणि तिने आईची कूस बदलली.

दोरवाल्याने त्या दुपारी चाकाच्या मुठीला दोर गुंडाळून गाठ मारली.

"आता दोर नाही वळायचा," तो म्हणाला. "दोर नाही तर तराफा नाही. तराफा नाही तर तुला नेतील कसे? पाणी चढेल. चार महिने कोणी येत नाही की जात नाही."

त्याला वाटलं, जन्मात पहिल्यांदा आपल्याला अक्कल सुचली. दुसऱ्या दिवशीही तो छपराखाली गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. तयार दोन पदर पट्टीवरच्या खुंट्यांना अडकवलेले होते. तिसऱ्याचा वाख भिजत ठेवलेला, त्याला वास यायला लागला.

तराफेवाला आला. सगळं त्याच्या कानावर गेलेलंच होतं. तो दोरवाल्याशेजारी टेकला आणि बराच वेळ पायाने माती उकरत बसला.

"मी नाक्यावर विचारून आलो. तराफा नसला तर लांबच्या पुलावरून नेणार आहेत. बंद गाडीत, पहाऱ्यात. दोन दिवसांचा रस्ता. आणि मुदतीचा दिवस उलटून गेला तर आधी कोठडीत ठेवतात. मग पाच वर्षं नाही, कायमचं." त्याने उसासा सोडला. "माझा दोर राहू दे. मी दोरासाठी नाही आलो."

दोरवाल्याने गुडघे आणखी घट्ट आवळले. शेवटी गिरकी पुढे झाली आणि मुठीला मारलेली गाठ सोडायला लागली. ओल्या दोराची गाठ होती, निघेना. तिने दातांनी ओढली.

"बाबा, उठा."

"नाही जमणार मला."

"दोर नसला तर मी पलीकडे आणि तुम्ही इकडे, मध्ये नुसतं पाणी. दोर असला तर एक टोक तुमच्याकडे असेल, एक माझ्याकडे. माझं घर काठापासून चाळीस पावलांवर आहे." तिने गाठ सोडवली. "रोज चारला मी दोराशी येऊन उभी राहीन. तुम्ही हात लावायचा. एक हिसका म्हणजे आई आहे. दोन म्हणजे बरं नाही."

तीनचं तिने काही सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. आई खाटेवरून दोघांकडे बघत होती.

तिसरा पदर त्यांनी दीड दिवसात केला. इतक्या घाईने त्याने कधी काम केलं नव्हतं आणि इतकं चांगलंही केलं नव्हतं. वाख बोटांना कापत होता, पदराला रक्त लागत होतं. तो उलटा चालत राहिला. लेक लांब गेली, लहान झाली, खाट आणि चाक आणि ती मिळून एक ठिपका झाला. त्याला वाटलं, आपण पाऊल टाकतो म्हणून ती लांब जाते. पाऊल टाकलंच नाही तर? पण पाय सवयीने मागे पडत राहिले.

शेवटी तीन पदर एकत्र वळायचे होते. तीन खाचांचा लाकडी लट्टू तिन्ही पदरांत बसवून दोरवाला या वेळी चाकाच्या दिशेने चालत आला, दोर मागे घट्ट होत गेला. लेक जवळ येत होती. तिचं तोंड घामाने भिजलं होतं. आईचा डावा हात चाकाच्या खांबावर होता, आणि खांब हादरेल तसा तोही हादरत होता. तो अगदी जवळ पोचला तेव्हा गिरकीच्या मनगटाची सुतळी ताणली गेली. एकदा, दोनदा, तीनदा.

गिरकीने चाक थांबवलं.

नंतर तिने बापाला बसवून घेतलं आणि शिकवलं. कुशीखाली हात कसा घालायचा, जखम कशाने पुसायची, घास किती लहान करायचा. तो शाळेतल्या मुलासारखा मान हलवत होता. तिने सुतळी आपल्या मनगटावरून सोडून त्याच्या मनगटाला बांधली. त्याचं मनगट जाड, गाठ पुरेना, म्हणून टोकाला आणखी वीतभर सुतळी जोडावी लागली.

निघताना ती आईच्या खाटेवर आडवी होऊन आईला मिठी मारून पडली. दोरवाला बाहेर उभा राहिला. नाक्यावर अकराची वेळ दिली होती. साडेदहा झाले तरी त्याने हाक मारली नाही. शेवटी ती आपणच बाहेर आली.

नवा दोर सकाळीच दोन्ही काठांवरच्या खांबांना ताणून बांधला होता. पहारेकऱ्याने कागद तपासला, शिक्का मारला, पिशवी उलटी करून पाहिली. तिच्यात आईचं एक जुनं लुगडं होतं.

"पाहुणी गेल्याचंही एका दिवसात कळवायचं," पहारेकरी दोरवाल्याला म्हणाला. "या वेळी उशीर करू नका."

गिरकी तराफ्यावर चढली. बापाकडे तोंड करून उभी राहिली. तराफेवाल्याने दोर हातात घेतला आणि तराफा निघाला. उलटं चालणं आज तिच्या वाट्याला आलं होतं. तराफा पलीकडे टेकेपर्यंत दोरवाल्याने खांबाजवळ दोरावर हात ठेवला होता. टेकल्यावर दोर जरा सैल झाला, आणि मग एक हिसका आला. त्याने एक परत दिला.

दुसऱ्या दिवशी शिंपिणीला खाटेशी बसवून तो कचेरीत गेला. कारकुनाने वही काढली. "या वेळी वेळेत आलात," तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. पाहुणी परत कधी येणार या रकान्यापाशी तो थांबला. दोरवाला म्हणाला, "लिहा, पाच वर्षांनी."

रोज चारला तो काठावर जायचा. पहारेकरी पहिल्या दिवशी म्हणाला, "दोराला हात लावायचा नाही. सरकारी आहे." दोरवाला म्हणाला, "मी वळलाय." पहारेकऱ्याने तोंड फिरवलं आणि नंतर रोज चारला तो चहा प्यायला आत जायला लागला. एक हिसका. पलीकडून एक. तेवढंच. घरी येऊन तो बायकोला सांगायचा, "आली होती." तिचा डोळा मिटायचा.

आठव्या दिवशी त्याने दोन दिले. पलीकडून दोन आले, मग जरा थांबून पुन्हा दोन. ती काय विचारत होती ते त्याला कळलं, पण त्याचं उत्तर दोरावरून देता येण्यासारखं नव्हतं. पाणी खांबाच्या पायाशी आलं होतं. तराफा कालपासून बंद होता.

अकराव्या दिवशी सकाळी तो बायकोशेजारी वाख विंचरत बसला होता. मनगटाची सुतळी ओढली गेली. एकदा. तो पाण्याचा पेला उचलायला गेला. पुन्हा ओढली गेली, तेव्हा त्याला वाटलं, कूस. तो वाकला. तिने तिसऱ्यांदा ओढली. तिचा डोळा त्याच्यावर होता. तेहेतीस वर्षांत तिने इतक्या जवळून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याने तिचा हात धरला. तिसऱ्या हिसक्यानंतर आपण काय करायला हवं, हे त्याला कळेना. तो गार होत जाणारा हात धरून बसून राहिला.

शिंपीण आली, शेजारपाजारचे आले. कोणीतरी म्हणालं, लेकीला कळवायला हवं. कोणी म्हणालं, ती येणार कशी, कागद कुठेय. दोरवाला म्हणाला, "चार वाजू द्या."

चारला तो काठावर गेला. पाणी गढूळ, वेगाने चाललेलं. पलीकडे खांबाशी ती उभी होती, एवढीशी दिसत होती, तोंड ओळखू येत नव्हतं. तिच्या दोन्ही बाजूंना तिची पोरं होती. पहारेकरी आत गेला नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली.

दोरवाल्याने दोर धरला. एक ओढला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याचा हात उचलेना. दोन्ही हातांनी दोर धरून त्याने अंग मागे टाकलं तेव्हा तिसरा हिसका गेला.

पलीकडून उत्तर आलं नाही. तीन हिसक्यांना उत्तर द्यायचं नसतं, चाक नुसतं थांबवायचं असतं. पण दोर थांबला नव्हता. त्याच्या तळव्यांखाली तो बारीक थरथरत होता, थांबतच नव्हता. हे पाण्याने होत नाही, हे त्याला हाताने कळत होतं. पलीकडे ती दोराला धरून होती. त्यानेही सोडला नाही. अंधार पडायला लागल्यावर पहारेकरी जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, सोडा आता."